शेजारची फाईल

२७ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाचं कामकाज पहिल्यांदा घरबसल्या दिसू लागलं, आणि त्या दिवशीच्या प्रकरणांत महाराष्ट्राचा सत्तासंघर्ष होता. पुढचे काही महिने मराठी घरांत पक्षांतरबंदीच्या दहाव्या अनुसूचीवर जेवढा खल झाला तेवढा ती १९८५ मध्ये घटनेत आली तेव्हाही झाला नसेल. रायपुरातले माझ्या ओळखीचे एक निवृत्त बँक अधिकारी दुपारची झोप सोडून युक्तिवाद ऐकत, आणि संध्याकाळी फिरताना कोणत्या न्यायमूर्तींनी कोणत्या वकिलाला कसं अडवलं ते साभिनय सांगत. अशा सगळ्यांची एक समजूत आता पक्की झाली आहे: कॅमेरा बसला की न्याय उघड्यावर आला.

हीच समजूत आता नोकरीतल्या भेदभावाच्या खटल्यांनाही लावली जाते. ब्रिटनमधल्या एम्प्लॉयमेंट ट्रायब्युनलच्या सुनावण्या लोक दूरस्थपणे पाहतात, काही जण तर प्रश्न आणि उत्तरं लगोलग टाइप करून जगाला कळवतात. २०२५ मध्ये स्कॉटलंडातल्या डंडी इथं एका नर्सच्या तक्रारीची सुनावणी अशीच गाजली. मग आपल्याकडच्या कामगार न्यायालयांत का नको? लोक बघतील, मालक वचकून राहतील. याच्या विरोधातला पक्षही ठरलेला: हा तमाशा आहे, बघ्यांना बाहेर काढा.

मला दोन्ही पक्ष उथळ वाटतात, कारण दोघांनाही प्रश्न बघण्याचा वाटतो. माझं म्हणणं असं. नोकरीतला भेदभाव एका माणसाच्या खटल्यात दिसतच नाही. त्याच्या फाईलशेजारी दुसऱ्याची फाईल ठेवली तरच तो दिसतो. म्हणून बाहेरच्या लोकांनी अशा खटल्यांचा माग ठेवणं हा पुराव्याचाच भाग आहे. पण त्यासाठी चित्राची गरज फार थोडी आहे, कागदाची फार मोठी. आणि तो कागद उघडताना तक्रारदाराचं नाव झाकलं पाहिजे. आज आपण नेमकं उलट करून ठेवलंय. नाव उघडं आहे आणि निकालाचं कारण झाकलेलं.

१. भेदभाव कुठं सापडतो

चोरी झाली की कुलूप तुटलेलं असतं. मारहाण झाली की वळ असतो. भेदभावाला असली खूण नसते. नोकरी नाकारणारा माणूस 'तुझ्या आडनावामुळे नाकारतो' असं लिहून देत नाही. तो 'जागा भरली' म्हणतो, आणि जागा खरोखरच भरलेली असते. कोणाला घेऊन भरली, एवढाच प्रश्न उरतो, आणि त्याचं उत्तर तक्रारदाराकडे नसतं.

अमरावती जिल्ह्यातून आलेले अर्थशास्त्रज्ञ सुखदेव थोरात यांनी पॉल ॲट्टेवेल यांच्याबरोबर हे फार साध्या युक्तीनं दाखवलं. त्यांचा अभ्यास 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त २००७ मध्ये आला. खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच शिक्षणाचे, सारख्याच अनुभवाचे अर्ज पाठवले. फरक फक्त नावात ठेवला. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला पुढच्या फेरीचं बोलावणं येण्याची शक्यता दोन तृतीयांश निघाली, मुस्लिम नावाला एक तृतीयांश. यातला एखादा अर्ज उचलून कोणत्याही न्यायाधीशापुढे ठेवा. त्यात काहीही सापडणार नाही. बोलावणं न येणं हा गुन्हा नाही, रोज लाखोंना येत नाही. अर्जांचे गठ्ठे शेजारी-शेजारी मांडल्यावरच त्या शांत नकाराला अर्थ आला.

न्यायालयातही हेच घडतं. मुंबईच्या मॅकिनन मॅकेन्झी कंपनीत ऑड्रे डिकोस्टा 'कॉन्फिडेन्शियल लेडी स्टेनोग्राफर' होत्या. १९७७ मध्ये त्यांची नोकरी गेली. पुरुष स्टेनोग्राफरांना त्याच कामाचे जास्त पैसे मिळत होते, म्हणून त्यांनी १९७६ च्या समान वेतन कायद्याखाली फरक मागितला. कंपनीचा बचाव ऐकण्यासारखा आहे: या पदावर पुरुषच नाहीत, मग तुलना कुणाशी? शिवाय युनियनशी करार झालेला आहे, आणि कंपनीची ऐपतही नाही. सर्वोच्च न्यायालयानं मार्च १९८७ मध्ये हा बचाव फेटाळला. पदाचं नाव वेगळं ठेवलं म्हणून काम वेगळं होत नाही, हा त्याचा गाभा. उलट १९८१ च्या एअर इंडिया विरुद्ध नर्गिस मिर्झा खटल्यात हवाई सुंदरी आणि पुरुष सहायक पर्सर हे मुळात वेगळे संवर्ग आहेत, असं न्यायालयानं धरलं आणि तुलनेचं दार लावून घेतलं. पहिल्या गरोदरपणात नोकरी संपवणारा नियम मात्र रद्द झाला. कोणाची फाईल शेजारी ठेवायची, हे ठरलं की अर्धा निकाल लागलेला असतो.

२. उरल्याचं फाटक

उरला हे नाव मराठी कानाला क्रियापदासारखं लागतं. रायपूरच्या कडेला, बिरगावला चिकटून असलेली ही औद्योगिक वसाहत: रोलिंग मिल, फेरो अलॉय, ओतकाम. पलीकडे सिलतऱ्याचे स्पंज आयर्नचे कारखाने. सकाळी गच्चीवर वाळत घातलेला पांढरा सदरा संध्याकाळी पांढरा राहत नाही.

इथल्या एका चहाच्या टपरीवर एका कामगारानं प्लास्टिकच्या पिशवीतून चार गेटपास काढून बाकावर मांडले. चार पासांवर चार ठेकेदारांची नावं. पहिल्या फोटोत मिशी काळी, चौथ्यात पांढरी. हुद्दा चारही ठिकाणी 'हेल्पर'. मी विचारलं, कारखाना कितींदा बदललात? तो हसला. फाटक एकच होतं, यंत्र एकच होतं. तापलेली सळई चिमट्यानं पकडून पुढच्या रोलात घालायचं काम तो पहिल्या पासापासून करत होता. मग त्यानं मोबाइल काढला. त्याचं प्रकरण कामगार न्यायालयातून बिलासपूरच्या उच्च न्यायालयात गेलं होतं, आणि पडद्यावर त्याचं नाव, बापाचं नाव, कारखान्याचं नाव आणि पुढची 'पेशी', म्हणजे तारीख, दिसत होती. "हे मी बघायच्या आधी नव्या ठेकेदाराच्या मुन्शीनं बघितलं," तो म्हणाला. "मला म्हणाला, तुझं नाव मोबाइलवर आहे, तुला कामावर कसा घेऊ?"

ऑनलाइन पाठपुराव्याची सगळी चर्चा मला या एका वाक्यापुढे तोकडी वाटते. व्यवस्था उघडी होतीच की. मुन्शीला पुरेशी उघडी होती. पण त्याच मिलमध्ये, त्याच रोलावर कायम कामगाराला किती पगार मिळतो, याच फाटकातून आणखी कितीजणांचे पास असे बदलले, त्यांतल्या कुणी दाद मागितली होती का आणि न्यायालयानं काय म्हटलं, यातलं काहीही त्या पडद्यावर नव्हतं. त्याला हवी होती शेजारची फाईल. दिसत होती फक्त त्याची स्वतःची, आणि ती तर त्याला पाठच होती.

कायद्यात याची वाट राहिली आहे, हे मुद्दाम सांगायला हवं. ठेका कामगारांच्या १९७१ च्या केंद्रीय नियमांत ठेकेदाराचा माणूस आणि मूळ मालकाचा माणूस एकच किंवा सारखं काम करत असतील तर मजुरी सारखी, असं स्पष्ट लिहिलेलं होतं. राज्यांच्या नियमांतही तशी तरतूद होती. २००१ च्या स्टील ऑथॉरिटीच्या निकालानं ठेका रद्द झाला म्हणून कामगार आपोआप कायम होत नाही असं सांगितलं, पण ठेका हा निव्वळ देखावा आहे का, हे औद्योगिक न्यायालयानं पुरावा घेऊन ठरवावं, अशी वाट ठेवली. म्हणजे निर्णय पुराव्यावर आला. देखावा एका पासावरून सिद्ध होत नाही. चार पासांवरून थोडा होतो, चारशे पासांवरून नक्की होतो. चारशे माणसांना एकमेकांचे पास दिसणार कुठं?

पूर्वी ते युनियनच्या कार्यालयात दिसत. दल्ली राजहराच्या लोखंडाच्या खाणीत १९७७ मध्ये ठेका कामगार उठले ते बोनसवरून: कायम कामगाराला एक आकडा, ठेक्याच्या माणसाला दुसरा, खाण तीच. दोन आकडे कुणीतरी शेजारी-शेजारी उच्चारले तेव्हाच तो भेदभाव 'दिसला'. पुढे कामगार नेते शंकर गुहा नियोगी भिलाईच्या उद्योगपट्ट्यात उतरले तेव्हा मागण्या कायम नोकरी, जगण्यापुरतं वेतन आणि युनियनमध्ये आल्याबद्दल काढलेल्यांना परत घेण्याच्या होत्या. २८ सप्टेंबर १९९१ च्या पहाटे त्यांचा खून झाला. १ जुलै १९९२ रोजी भिलाई पॉवरहाऊस स्टेशनात रुळांवर बसलेल्या कामगारांवर पोलिसांनी गोळ्या चालवल्या. त्यानंतर तुलना करण्याची जागा जी आक्रसली ती मोबाइलनं भरून काढलेली नाही.

३. उघडं न्यायालय: रायपूरच्या एका विद्यार्थ्याचं मत

'उघडं न्यायालय' या कल्पनेचा आपल्याकडचा मोठा खटला मराठी माणसांनी भरलेला आहे, हे बहुतेकांच्या ध्यानात नसतं. उद्योगपती कृष्णराज ठाकरसी यांनी 'ब्लिट्झ' साप्ताहिकाचे संपादक रुसी करंजिया यांच्यावर अब्रूनुकसानीचा दावा लावला होता. त्यात एका व्यापारी साक्षीदारानं विनंती केली की माझी साक्ष वर्तमानपत्रात येऊ देऊ नका, आधीच्या बातम्यांनी माझ्या धंद्याचं नुकसान झालं. मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती तारकुंड्यांनी, म्हणजे पुढे नागरी स्वातंत्र्याच्या चळवळीचा आधार बनलेल्या वि. म. तारकुंड्यांनीच, तोंडी आदेश देऊन ती साक्ष छापायला मनाई केली. 'ब्लिट्झ'चे वार्ताहर नरेश श्रीधर मिरजकर सर्वोच्च न्यायालयात गेले. मार्च १९६६ मध्ये सरन्यायाधीश गजेंद्रगडकरांच्या नेतृत्वाखालच्या नऊ जणांच्या पीठानं उघड्या न्यायदानाचं महत्त्व तोंडभरून सांगितलं आणि तारकुंड्यांचा आदेश मात्र कायम ठेवला. न्यायासाठी गरज पडली तर न्यायालय प्रसिद्धी रोखू शकतं, असं बहुमत पडलं. नऊपैकी एकट्या न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी विरोधी मत दिलं. हिदायतुल्ला रायपूरच्या सरकारी शाळेत शिकलेले, पुढे नागपूरच्या मॉरिस कॉलेजात.

मला हिदायतुल्लांचं मत जवळचं वाटतं. पण या लेखापुरतं बहुमतातून जास्त शिकायला मिळतं. एका व्यापाऱ्याचा धंदा बुडू नये म्हणून देशाच्या सर्वोच्च न्यायालयानं प्रसिद्धीला लगाम योग्य ठरवला. मग नाव दिसलं म्हणून ज्याची रोजी जाते, त्याचं नाव झाकायला कोणतं तत्त्व आड येतं? हेच गजेंद्रगडकर त्या वर्षाच्या अखेरीस नेमलेल्या पहिल्या राष्ट्रीय श्रम आयोगाचे अध्यक्ष झाले. औद्योगिक न्यायदानाची एवढी जाण असलेल्या माणसाला हा प्रश्न पडला असता तर त्यानं काय लिहिलं असतं, याचं मला कुतूहल आहे.

४. परदेशातून काय घ्यायचं

ब्रिटनचं उदाहरण देणारे चित्राबद्दल बोलतात. माझ्या मते तिथली मोलाची गोष्ट दुसरीच आहे. फेब्रुवारी २०१७ पासून एम्प्लॉयमेंट ट्रायब्युनलचे निकाल सरकारी संकेतस्थळावर कुणालाही फुकट वाचता येतात. त्याच वर्षी जुलैत तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं युनिसन या कामगार संघटनेच्या दाव्यात ट्रायब्युनलची फी बेकायदा ठरवली. २०१३ मध्ये ही फी आल्यावर दाव्यांची संख्या दोन तृतीयांशाहून जास्त घसरली होती. भेदभावाच्या दाव्याला दोन हप्त्यांत मिळून १,२०० पौंड पडत. न्यायमूर्ती रीड यांचा तिथला युक्तिवाद आपल्या उपयोगाचा आहे: एकाच्या दाव्याचा निकाल फक्त त्याच्यापुरता नसतो; तो माहीत असतो म्हणून इतर हजारो जण न्यायालयात न जाता आपले तंटे मिटवतात. निकाल वाचता येणं हे सार्वजनिक पाण्याच्या नळासारखं आहे. रांगेत उभं न राहणाऱ्यालाही त्याचा उपयोग होतो.

पण त्याच ब्रिटनमध्ये २००९ मध्ये 'कन्सल्टिंग असोसिएशन' नावाच्या एका कार्यालयावर माहिती आयुक्तांनी छापा घातला, तेव्हा बांधकाम कंपन्यांसाठी ठेवलेली ३,२१३ कामगारांची काळी यादी सापडली. युनियनचं काम केलं, सुरक्षेची तक्रार केली, की नाव यादीत. ती गुपचूप, कात्रणं जमवून तयार करावी लागली होती. आता निकालात नाव असेल तर यादी करायची गरजच नाही. शोधयंत्र करून देतं. उरल्याचा मुन्शी तेच करत होता.

कॅलिफोर्नियात हा पेच जातीच्या रूपात आला. तिथल्या राज्य सरकारच्या नागरी हक्क विभागानं २०२० मध्ये सिस्को कंपनीवर दलित अभियंत्याशी भेदभाव केल्याचा दावा लावला. आंबेडकरी संघटनांनी तो तारखेनुसार पाळत ठेवून वाचला. आमच्या ओळखीतल्या नागपूरच्या पोरांना तर त्यातले दस्तऐवज तोंडपाठ होते. तक्रारदार मात्र कागदोपत्री 'जॉन डो' हे टोपणनाव घेऊन उभा होता. २०२२ मध्ये तिथल्या अपील न्यायालयानं दोन गोष्टी सांगितल्या. खटला खासगी लवादाकडे ढकलता येणार नाही, कारण राज्याचा विभाग त्या कराराला बांधील नाही. आणि टोपणनावाचा विचार करताना भारतात असलेल्या नातेवाइकांना होऊ शकणारा धोकाही मोजला पाहिजे. म्हणजे दावा चव्हाट्यावर, माणूस आडोशाला. पुढच्याच वर्षी दोन अभियंत्यांवरचा दावा मागे घेतला गेला, कंपनीवरचा राहिला. त्या खटल्याबद्दल कुणाचंही काहीही मत असो, तो कसा चालवला गेला हे सगळ्यांना वाचता आलं आणि तक्रारदाराचं नाव झाकण्याचा प्रश्न न्यायालयानं गांभीर्यानं घेतला. या दोन गोष्टी एकत्र नांदू शकतात.

५. आक्षेप

पहिला आक्षेप: कॅमेऱ्यानं न्यायाधीश आणि वकील नीट वागतात. वागत असतील. थेट प्रक्षेपणाला वाट देणाऱ्या २०१८ च्या स्वप्नील त्रिपाठी निकालाच्या आधारांपैकी तो एक होता, आणि घटनापीठापुढच्या कायद्याच्या वादाला तो लागूही पडतो. पण कामगार न्यायालयात बहुतेक दिवस काय होतं? साक्षीदार हजर नाही, वकील दुसऱ्या कोर्टात, तारीख. हे थेट दाखवून कुणाला काय कळणार? आणि जेव्हा खरोखर उलटतपासणी होते, तेव्हा मालकाच्या पगारावर जगणारा सहकारी साक्ष द्यायला उभा असतो. कॅमेरा पाहून तो बोलेल की गप्प बसेल, हे सांगायला तत्त्वज्ञ नको.

दुसरा आक्षेप उलट बाजूचा: लोक तुकडे कापतात, गदारोळ करतात, सगळं बंद करा. २०२४ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयातल्या एका न्यायमूर्तींच्या शेऱ्यांची चित्रफीत पसरली तेव्हा सर्वोच्च न्यायालयानं थेट प्रक्षेपण बंद करायला नकार दिला, आणि बरोबर केलं. पण तुकडा कापता येतो तो चित्राचा. वीस पानी निकालाचा तुकडा कापून कुणी नाचत नाही. लिखित मजकुराच्या अंगी एक औषधी कंटाळा असतो.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात गंभीर वाटतो. नाव झाकलं की आरोपी मालकावर अन्याय होतो, कारण खोटी तक्रार करणारा सुटतो. उत्तर असं: नाव जगापासून झाकायचं, प्रतिपक्षापासून नाही. मालकाला, त्याच्या वकिलाला, न्यायाधीशाला ते माहीत असतं; उलटतपासणी तेवढीच कडक होते. खोटं सिद्ध झालं तर झाकण काढायचा अधिकार न्यायालयाकडे राहू द्या. आणि हे काही माझं दिवास्वप्न नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याचं १६ वं कलम नावं आणि कार्यवाही प्रसिद्ध करायला मनाई करतं, पण त्याच कलमाच्या परंतुकात पीडितेची ओळख न देता तिला काय न्याय मिळाला ते सांगायची मुभा आहे. गंमत अशी की कलमाचा पहिला अर्धा भाग कंपन्यांना पाठ असतो आणि दुसरा कुणालाच आठवत नाही. गुप्ततेच्या नावाखाली निकालाचं कारणही पुरलं जातं.

चौथा आक्षेप वकील मंडळींचा: ठेका आणि कायम हा कायद्याच्या भाषेत भेदभाव नाही, वर्गवारी आहे. घटनेचं १५ वं आणि १६ वं कलम प्रामुख्यानं राज्यसंस्थेला बांधतं, खासगी मिलला नाही. वेतन संहितेतली मनाई लिंगापुरती आहे. अक्षरशः खरं. महाराष्ट्रात निदान १९७१ च्या अनुचित कामगार प्रथा प्रतिबंधक कायद्यात एका गटाला झुकतं माप देणं आणि माणसांना वर्षानुवर्षं बदली किंवा तात्पुरतं ठेवणं ही तक्रारीची कारणं आहेत, आणि कामगार स्वतः औद्योगिक न्यायालयात जाऊ शकतो. पण 'वर्गवारी' म्हणून हात झटकण्याआधी एक बघायला हवं. कायम कोण आहे आणि ठेक्यावर कोण? गावातला दलित सतनामी कुठं आहे, विटा वाहणारी रेजा कुठं आहे, बाहेरून आणलेला माणूस कुठं आहे? हे फाईली मांडल्याशिवाय कळणार नाही. फाईली बंद ठेवून 'भेदभाव दिसत नाही' म्हणणं म्हणजे दिवा मालवून 'खोलीत कुणी नाही' म्हणण्यासारखं आहे.

६. मग करायचं काय

नोव्हेंबर २०२५ मध्ये चारही श्रमसंहिता लागू झाल्या. औद्योगिक संबंध संहितेत दोन सदस्यांचं न्यायाधिकरण आहे, एक न्यायिक आणि एक प्रशासकीय. घडी नव्यानं बसते आहे तोवर हे करून घेणं सोपं. वेतन, बढती, कायमपणा आणि काढून टाकणं यांवरच्या प्रत्येक निवाड्याचा पूर्ण मजकूर, कारणांसकट, संकेतस्थळावर हिंदीत यावा. कामगाराच्या नावाऐवजी क्रमांक असावा. मालकाचं, मूळ कारखान्याचं आणि ठेकेदाराचं नाव मात्र स्पष्ट असावं, आणि त्या नावानं शोध घेता यावा. या शेवटच्या अटीवर कंपन्या सगळ्यात जास्त ओरडतील, आणि तीच सगळ्यात महत्त्वाची आहे: एका फाटकाचे सगळे निवाडे एकत्र दिसले की चार पासांची गोष्ट न्यायाधीशाला कुणी समजावून सांगावी लागणार नाही. उरल्यासारख्या ठिकाणी थेट प्रक्षेपणावर एक रुपयाही खर्च करू नये, निदान हे होईपर्यंत.

तोवर हे काम हातानं करता येईल. हिदायतुल्लांच्या नावाचं राष्ट्रीय विधी विद्यापीठ नवा रायपुरात आहे. तिथल्या मुलांना सर्वोच्च न्यायालयाचे युक्तिवाद पडद्यावर बघायची चांगली सवय झाली आहे. त्यांतल्या दहाजणांनी आठवड्यातून एक दिवस रायपूरच्या कामगार न्यायालयात जाऊन मागच्या बाकावर बसावं, निवाड्यांच्या प्रती मागाव्यात, नावं काळ्या शाईनं झाकावीत आणि कारखान्यानुसार लावून ठेवाव्यात. न्यायालयाचं दार उघडं आहे, आत जायला लिंक लागत नाही.